तांबड्या लुगड्याची टेस्ट

उमराळ्यात येऊन स्टॅनी रुमावचं घर कुठं असं विचारलंत, तर ऐकणारा आधी डोकं खाजवील, कारण रुमाव तिथं ढिगानं आहेत. पण 'टेस्टवाला स्टॅनी' म्हणालात की तोच माणूस हसत सायकल वळवील आणि केळीच्या वाडीतनं तुम्हाला थेट त्याच्या ओटीपर्यंत आणून सोडील. वर बजावील, "जपून बरं का, एकदा उजेडात उभं केलं की तासभर सुटका नाही!"

हे नाव त्याला पडलं ते एका लग्नात. स्टॅनी लग्नाचं शूटिंग करायचा, अजूनही करतो. तर त्या लग्नात वरात चर्चच्या दारात आलेली, बँडवाल्यांचे गाल फुगलेले, नवरी घामानं निथळतेय, आणि हा गडी कॅमेरा घेऊन फादरच्या झग्यासमोर वाकलेला. त्याचं असं आहे, की कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं. पांढरं एकदा नीट कळलं की बाकीचे रंग तो त्या मापानं लावतो. पांढरा कागद स्टॅनी घरी विसरलेला, आणि समोर फादरचा परीटघडीचा झगा. "फादर, हलू नका हं, टेस्ट चाललीय." फादरही मोठे गमतीदार. हात जोडून उभे राहिले नि म्हणाले, "बाळा, माझं पांढरं पसंत पडलं की सांग. मग मिस्सा सुरू करू." अख्खी वरात हसली. नवरीसुद्धा हसली. त्या दिवसापासून हा टेस्टवाला.

त्याचा बाप बॅप्टिस्ट, देव त्याला सुखी ठेवो, केळी आणि पानवेलीचा माणूस. पोरानं कॅमेरा हातात घेतला तेव्हा म्हणाला, "केळ पिकलंय की नाही हे मी सालीवरनं सांगतो. तुला त्यालाही यंत्र लागतंय?" पण पोराचा हात चांगला होता, हे तोही चारचौघांत कबूल करायचा. नालासोपाऱ्यापासून आगाशीपर्यंत लोक स्टॅनीला बोलवायचे. गोरी नवरी गोरीच दिसायची, सावळी नवरी सावळी, आणि सावळीसुद्धा सुंदर दिसायची. इतर व्हिडिओवाले सगळ्यांनाच पावडर लावल्यासारखं करून सोडत.

आता हे रंगाचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं कुठून? तर त्याच्या स्वतःच्या लग्नातनं. स्वतःच्या लग्नात काही स्वतः शूटिंग करता येत नाही. म्हणून विरारचा कुणी एक जण आला होता, खांद्यावर भलामोठा कॅमेरा आणि डोळे दिपवणारा दिवा घेऊन. महिन्याभरानं कॅसेट आली. घरात सगळे बसले बघायला. पडद्यावर बायकांचा घोळका गात गात विहिरीकडं निघालेला, आणि सगळ्यांच्या पुढं स्टॅनीची आय, मार्गारेट.

आय कोण, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरा-नवरीच्या आंघोळीचं पाणी आपापल्या गावच्या विहिरीवरनं आणायचं, आणि आणताना गाणी म्हणायची, ही रीत. त्या गाण्यांची पुढारीण म्हणजे मार्गारेट. ती ओळ टाकायची आणि वीस बायका उचलायच्या. अंगावर ते आमच्याकडचं तांबडं लुगडं, बारीक चौकडीचं, कासोटा मारलेलं. घरातल्या मेलेल्या-जित्या सगळ्यांची नावं ती गाण्यात अशी गुंफायची, की नवरीच्या आजोबांना ज्यांनी पाहिलंही नव्हतं त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. फक्त एक गाणं ती कधी म्हणत नसे. विहिरीच्या काठावरचं. त्यात नवरी आपली कळशी धाकट्या बहिणीच्या हातात देते, असं काहीसं आहे. ते आलं की मार्गारेट मागं सरायची, दुसरी कुणीतरी उचलायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "तिथं माझा घसा बसतो." लोकांनी ते खरं धरलं.

तर कॅसेट. टीव्हीवर आय आली आणि तिचं लुगडं लालभडक होऊन चारी बाजूंना फुटलं, कुंकू पाण्यात सांडावं तसं. चौकडी नाही, काठ नाही, नुसता लाल डाग, आणि त्या डागावर आयचं डोकं. जुन्या टेपना लाल रंग पेलतच नसे. सगळे हसले. आय हसली नाही. म्हणाली, "हा रंग माझ्या लुगड्याचा नव्हे." आणि उठून भात लावायला गेली.

सगळे विसरले. स्टॅनीच्या मनात मात्र ते वाक्य रुतून बसलं, माशाचा काटा बसतो तसं.

पुढं टेप गेल्या, कार्ड आली, खांद्यावरचे कॅमेरे तळहाताएवढे झाले. स्टॅनीची पोरगी टिफनी कॉलेजात जायला लागली. बॅप्टिस्ट गेला. मार्गारेटला लग्नांची बोलावणी येईनाशी झाली, कारण विहिरीचं पाणी आणायला आता डीजे जातो. तेव्हा स्टॅनीनं मनाशी धरलं, की आयची फिल्म करायची. पाऊण तासाची. आय ओटीवर बसून आपल्या बोलीत आपलं आयुष्य सांगतेय, गाणी म्हणतेय, बस. निर्माता नाही, नट नाही. तिची पिढी तर संपत आलेली. गावात तांबडं लुगडं रोज नेसणाऱ्या आता बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि सगळी गाणी तोंडपाठ असलेली तर ती एकटीच. तिच्यासोबत ते सगळं जाणार, हे स्टॅनीला पक्कं कळत होतं. म्हणून तर त्याचा जीव खालीवर होत होता.

आयला विचारलं तर आधी लाजली. मग म्हणाली, "मी काय सांगायचं? माझ्या आयुष्यात काय आहे?" मग दोन दिवसांनी आपणच विचारायला आली, "कधी सुरू करतोस?"

स्टॅनी म्हणाला, "आधी टेस्ट."

इथं स्वरूपचं नाव घ्यायला पाहिजे. स्वरूप हा स्टॅनीचा शाळेतला दोस्त, बागायतदार घरातला. वाडी विकली गेली तसा सातिवलीत एक गाळा घेऊन बसला. एका बाजूला प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला खोक्यांचं गोदाम, आणि मधे हा काळे पडदे लावून कॉम्प्युटरवर लोकांच्या फिल्मचे रंग नीट करत बसलेला. भाड्याचे कॅमेरे त्याच्या ओळखीनं मिळायचे, शनिवारी घ्यायचे आणि सोमवारी परत. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "स्टॅन्या, मावशी समोर बसलीय तोवर कुठलाही कॅमेरा घे आणि चालू कर. रंगाचं मी बघतो."

"तू काय बघणार? लाल एकदा फुटला की तुझा बापसुद्धा तो परत गोळा करू शकत नाही."

"बापाला मधे आणू नको. पण मावशीचं वय बघ."

"म्हणून तर एकदाच करायचं आणि नीट करायचं."

आणि मग सुरू झाले ते रविवार. चर्चमधली मिस्सा झाली की आय ओटीवर. एका रविवारी एक कॅमेरा, दुसऱ्या रविवारी दुसरा. एकात लुगडं नारिंगी यायचं, टोमॅटोच्या सॉससारखं. दुसऱ्यात गुलाबी. तिसऱ्यात लाल बरोबर, पण आयचा चेहरा असा, की कावीळ झालीय म्हणून डॉक्टरकडं न्यावं. मग लेन्स. चकचकीत नवी लेन्स लावली तर सुरकुत्या इतक्या कोरून काढी की आय म्हणाली, "हे काय, वाळत टाकलेला बोंबील?" एकदा तर तिचा गाल चक्क हिरवा आला. स्टॅनी तीन दिवस कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये डोकं घालून बसला. शेवटी बायकोनं, जीनानं, ओटीवरनं नुसतं बोट दाखवलं. समोर केळी. पानांवरचा उजेड उडून आयच्या गालावर पडत होता. मग त्या केळींवर पांढऱ्या चादरी पांघरल्या. शेजारची रोझमेरी कुंपणावरनं ओरडली, "स्टॅनी, केळीला थंडी वाजतेय काय रे?"

आयच्या हातात रंगांच्या चौकोनांचा एक पुठ्ठा द्यायचा असे. कॅमेरा कुठला रंग कसा घेतो ते त्यावरनं कळतं. ती तो उलटासुलटा करून बघायची. "म्हातारपणी लुडो खेळायला बसवलंस. फासे तरी दे." आणि नुसतं बसून चालत नसे. माणूस दगडासारखा बसला की कातडीचा रंग मेल्यासारखा येतो. बोलताना गालावर रक्त चढतं, उजेड हलतो, तेव्हा खरं कळतं. म्हणून स्टॅनी सांगायचा, "बोलत राहा आय. काहीही बोल." आणि आय बोलायची. बॅप्टिस्ट पहिल्यांदा सासुरवाडीला आला तेव्हा कुत्रं कसं मागं लागलं, पानांचे करंडे डोक्यावर घेऊन बाया कशा जायच्या, कुठल्या फादरनं कुणाचं भांडण मिटवलं. स्टॅनी मान हलवायचा, "हं, हं," आणि डोळे त्या पाटीएवढ्या पडद्यावर.

आवाज तो घेतच नसे. पहिल्या रविवारी घेतला होता. पण सातिवलीला बसून तीच तीच दृश्यं पुन्हापुन्हा बघायची, तर पाण्याचा पंप, कावळे, रोझमेरी आणि वर आयचं "झालं का रे?", डोकं उठलं. मग कॅमेऱ्यातला आवाज त्यानं बंदच करून टाकला. त्याच्या धंद्यातले सगळेच असं करतात. रंगाच्या टेस्टला आवाज कशाला? हे सगळं नुसतं चाखून बघणं आहे, खरं जेवण पुढं आहे, एवढं एक वाक्य मात्र त्यानं आयला कधी सांगितलं नाही. तिला ते ठाऊकच आहे असं तो धरून चालला. आणि समोर कॅमेरा आहे, पोरगा म्हणतोय बोल, तेव्हा हे कुठंतरी साठतंय, असं ती धरून चालली.

नमनालाच असं घडाभर तेल जात राहिलं. स्वरूप म्हणायचा, "टेस्टचीच फिल्म करून टाक." स्टॅनीला ते लागायचं, पण थांबवायचं नाही. मग त्यानं चोरबाजारातनं एक जुनी लेन्स आणली, काचेवर बारीक ओरखडा असलेली, हातानं फिरवायची. ती घेऊन तो भल्या सकाळी पाचूबंदरला गेला. तिथं होड्या लागलेल्या, लिलाव चाललेला, आणि लिलावातल्या एका कोळणीच्या अंगावर तांबडं पातळ. स्टॅनी तिच्याभोवती फिरतोय, कधी उन्हातनं, कधी सावलीतनं. तिनं तीनचार वेळा बघून घेतलं आणि मग कमरेवर हात ठेवून जी सुरू झाली!

"ए भाव! कवाधरनं बघते मी. म्हावरं घ्यायचं हाय का नुसतं फोटूत घालून त्याचं कालवन करनार हायस?"

"मावशी, रंग बघतोय."

"रंग पोरीचा बघतात, म्हावऱ्याचं डोलं बघतात!"

सगळा लिलाव हसला. स्टॅनीला दोन वाटे घ्यावे लागले. पण घरी येऊन त्यानं पाहिलं, तर त्या जुन्या काचेतनं लाल रंग शहाण्यासारखा वागला होता. भडकला नव्हता, पसरला नव्हता. उजेड एक पायरी खाली ठेवायचा, कॅमेऱ्यातला रंगाचा जोर थोडा उतरवायचा, आणि ही लेन्स. सापडलं होतं. आता फक्त आयच्या लुगड्यावर करून बघायचं. आणि तेही रोजचं नव्हे, रोजची धुऊन धुऊन विटलेली. खरं जुनं तांबडं आयच्या पेटीत तळाशी होतं. लग्नातलं.

"आय, ते पेटीतलं नेस ना एकदा."

आय भाजी निवडत होती. हात थांबला. "तेच कशाला?"

"तेच पाहिजे. तेच खरं आहे."

त्या रविवारी तिनं ते नेसलं नाही. डोकं दुखतंय म्हणाली. पुढच्या रविवारी पाहुणे होते. त्याच्या पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर ती आत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. आली ती ते लुगडं नेसून. कापराचा वास ओटीभर पसरला. लाल कसलं म्हणता ते, पिकल्या कोकमाच्या आतला रंग. जीना स्वयंपाकघराच्या खिडकीतनं बघत राहिली.

आय बसली. पुठ्ठा तिनं आज चेष्टा न करता हातात घेतला, मग खाली ठेवला.

"चालू केलंस?"

"केलं आय. तू बोलत राहा, थांबू नको."

"कुठनं सुरू करू?"

"कुठनंही."

आणि आय बोलायला लागली. हळू बोलत होती. नेहमीसारखे हातवारे नव्हते, आणि स्टॅनीला तेच बरं वाटलं, कारण हात हलला की पदराची सावली पडायची. तो लेन्सची कडी फिरवत होता, केसाएवढी इकडे, केसाएवढी तिकडे. बोलण्यात ग्रेसीचं नाव आलेलं त्याच्या कानावर पडलं. ग्रेसी म्हणजे आयची थोरली बहीण, तरुणपणीच गेलेली. भिंतीवर तिचा फोटो होता. आय जुनं काहीतरी सांगतेय, एवढंच त्याला कळलं. "हं," तो म्हणाला. "हं, बोल."

मग आय गायला लागली. खूप बारीक आवाजात, मान थोडी कलती करून. आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर चौकडी उमटली. आधी खांद्यावर, मग मांडीवर, मग काठापर्यंत, एकेक रेघ वेगळी, आणि लाल तसाच्या तसा, पेटीतनं निघाल्यासारखा.

"आलं!" स्टॅनी ओरडला.

आय थांबली. "काय आलं?"

"काही नाही, काही नाही. तू गा."

ती त्याच्याकडं जरा बघत राहिली. मग जिथं तुटलं होतं तिथनं तिनं गाणं परत उचललं आणि शेवटपर्यंत नेलं. पदरानं डोळे टिपले. "झालं तुझं?"

"झालं आय! एकदम झालं!"

"बरं झालं," आय म्हणाली. "सुटले मी." आणि तशीच बसून राहिली, चादरी पांघरलेल्या केळींकडं बघत. स्टॅनीला वाटलं, बसून बसून कंटाळली बिचारी.

दुसऱ्या दिवशी सातिवलीच्या गाळ्यात स्वरूपनं ते मोठ्या पडद्यावर लावलं. बाजूला बादल्यांच्या कारखान्याची धडधड. स्वरूप पुढं सरकला. "काय लाल आहे रे!" मग म्हणाला, "गातेय ना रे मावशी? आवाज लाव की."

"बंद होता. टेस्ट आहे ना."

"तिच्या डोळ्यांत पाणी आहे, स्टॅन्या."

"तेच सांगतोय मी. बघ, त्या पाण्यातसुद्धा उजेड फुटलेला नाही. किती स्वच्छ आलंय!"

स्वरूपनं खुर्ची मागं ढकलली. मग उठून चहा सांगायला गेला.

आणि एकदाचा तो दिवस उगवला. खरं शूटिंग. स्वरूप आला, आणि आवाज घ्यायला अॅल्रॉय नावाचा एक तरुण आला, लांब काठीला केसाळ माईक लावून. केळींना चादरी घातल्या. जुनी लेन्स चढवली. जीनानं सगळ्यांना चहा दिला. आय आतनं आली ती रोजच्या लुगड्यात, हातात सूप.

"आय, हे काय? ते पेटीतलं नेस. शूटिंग आहे आज."

"कसलं शूटिंग?"

"आपली फिल्म! आज तू सगळं सांगायचं, पहिल्यापासनं. गाणी म्हणायची."

आय हसली. "येडा झालास? सांगितलं की सगळं. एवढे रविवार काय करत होते मी? तुझ्या पेटीत सगळं आहे ते." तिनं कॅमेऱ्याकडं हनुवटी केली. "जे कुणाला सांगितलं नाही तेपण सांगितलंय तुला."

"आय, ती टेस्ट होती."

"म्हणजे?"

"म्हणजे... बघत होतो. कॅमेरा, लेन्स. आवाज घेतला नव्हता. आवाज बंद होता."

अॅल्रॉयनं माईक हळूच खाली घेतला. आयनं सूप ओटीवर ठेवलं.

"बंद होता. मग तू तर समोर होतास. तू ऐकलंस ना?"

स्टॅनी लेन्सवर टोपण चढवायला लागला. 

"मी काय सांगितलं त्या दिवशी? सांग बरं."

"ग्रेसी मावशीचं काहीतरी..."

"काहीतरी," आय म्हणाली.

"आय, मी रंग बघत होतो. तूच म्हणाली होतीस ना, माझ्या लग्नाच्या कॅसेटच्या वेळी, हा रंग माझ्या लुगड्याचा नव्हे म्हणून. ते बरोबर यावं म्हणून तर एवढं सगळं..."

"मी म्हणाले होते?" आयला खरंच आठवत नव्हतं. ती आत गेली. अॅल्रॉय माईकची वायर गुंडाळायला लागला.  आय परत आली तेव्हा तिच्या अंगावर फुलाफुलांची मॅक्सी होती. जीनानं मागच्या नाताळात आणून दिलेली, तिनं कधी न घातलेली. आणि दोन्ही हातांवर घडी घातलेलं ते पेटीतलं लुगडं.

"हे घे," ती म्हणाली. "ह्यालाच बसवलं होतंस ना इतके दिवस. मला नव्हतं. आता ह्यालाच काय विचारायचं ते विचार."

लुगडं तिनं स्टुलावर ठेवलं, जिथं ती बसायची, आणि सूप उचलून तांदूळ पाखडायला बसली. संध्याकाळी जीनानं ते उचलून आपल्या कपाटात ठेवलं.

स्वरूपनं समजावलं, मावशी मावशी करून पाया पडला. दोन दिवसांनी फादर येऊन गेले. आयनं सगळ्यांना चहा दिला, सगळ्यांशी हसून बोलली, आणि म्हणाली, "एकदा सांगितलंय. ते दोनदा सांगायचं नसतं. पहिल्या वेळीच मेले होते मी."

काय सांगितलं होतं ते स्टॅनीला कळलं जीनाकडनं. तिनं खिडकीतनं ऐकलं होतं. जीना मूळची मरोळची, वसईच्या कोर्टात कामाला जाते. उमराळ्याची बोली तिला अजून अर्धीमुर्धीच कळते.

"ते लुगडं आयचं नव्हतंच," ती भांडी लावता लावता म्हणाली. "ग्रेसीसाठी घेतलेलं. तुझ्या बाबांचं लग्न ग्रेसीशी ठरलेलं. विहिरीवर पाणी आणायला गेली, गाणं चालू होतं, तेव्हाच तिला ताप भरलेला. कुणाला सांगितलं नाही तिनं. कळशी आयच्या हातात दिली आणि तिथंच बसली. आठवड्यात गेली. मग वर्षभरानं त्याच लुगड्यात आयला उभी केली, त्याच नवऱ्यासमोर."

स्टॅनी दारात उभा होता. बाबांचा फोटो आणि ग्रेसीचा फोटो एकाच भिंतीवर शेजारी शेजारी होते. लहानपणापासून तो ते बघत आला होता.

"आणि गाणं?" त्यानं विचारलं. "ते काठावरचं गाणं कसं होतं?"

"मला नाही येत. शब्दच कळले नाहीत अर्धे. चाल पण तुटली ना मधेच." जीनानं ताट जरा जोरानंच ठेवलं. "तू ओरडलास तेव्हा."

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस, की आय असं बोलतेय?"

"मला काय माहीत तू ऐकत नाहीयेस? आयसमोर तू उभा होतास, मी नव्हते."

ते दृश्य स्टॅनीनं पुसलं नाही. रंगाचा नमुना म्हणून ठेवलं होतं, ते तसंच आहे. पुष्कळदा लावून बघतो. आयचे ओठ हलतात, मान कलते, मधेच ती थांबते, कॅमेऱ्याच्या वर कुठंतरी बघते, परत गाते. ओठांवरनं शब्द जुळवायचा त्यानं खूप प्रयत्न केला. गावातल्या उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांना नेऊन दाखवलं. "कळशी" एवढं एकीनं ओळखलं. बाकीच्या म्हणाल्या, "लुगडं काय सुरेख आलंय रे!"

आय आता मॅक्सीतच असते. चर्चला जाताना साधी साडी. स्टॅनीशी बोलते, जेव म्हणते, पाठीला तेल लावून घेते, उशीर झाला तर रागावते. कुणी त्यांच्यात अबोला आहे असं म्हणू शकणार नाही. फक्त जुनं काही निघालं की उठून वाडीत जाते. आणि कुठल्याही लग्नात आता गात नाही. सगळ्याच गाण्यांना तिचा घसा बसतो म्हणे.

यंदा चर्चच्या सणाला तरुणांनी जुन्या पेहरावांचा कार्यक्रम ठेवला. टिफनी बापाकडं आली, "डॅडा, मम्मीच्या कपाटातलं ते रेड लुगडं घालू? सगळ्या भाड्यानं आणतायत, ते एकदम फेक वाटतं." स्टॅनी लेन्स पुसायला लागला. तर ओटीवरनं आयच म्हणाली, "घाल गं. कॅमेऱ्यासाठीच आहे ते."

तिनंच नेसवलं नातीला. कासोटा नीट बसवला, चुण्या हातानं दाबून घेतल्या. स्टॅनीनं शूटिंग केलं. जुनी लेन्स, उजेड एक पायरी खाली, रंगाचा जोर उतरवलेला. सणाच्या संध्याकाळी घरी सगळे टीव्हीसमोर बसले, रोझमेरीसुद्धा आली. पडद्यावर टिफनी विहिरीपाशी कळशी घेऊन हसत उभी, मागं डीजेचं गाणं. एकेक चौकडी मोजून घ्यावी अशी. लोक वाहवा करायला लागले.

"आय," स्टॅनीनं विचारलं, "कसा आलाय?"

आयनं चष्मा पुसून बराच वेळ बघितलं. लुगडं बघितलं, कळशी बघितली.

"हो," ती म्हणाली. "हाच रंग."

आणि उठून भात लावायला गेली.